‘काही झाले नाही ना?’

आपल्या गावांतील रस्त्यांवर एक वाक्य अलीकडे वरचेवर कानी पडते. भरधाव मोटारसायकल अंगाला घासून जाते, पायी चालणारा दचकून गटाराच्या कडेला सरकतो, हातातली पिशवी खाली पडते, तोंडून रागाचा एखादा शब्द निघतो. आणि पुढे जाऊन थांबलेला, किंवा न थांबताच मान वळवणारा तरुण उत्तर देतो, ‘काही झाले नाही ना? मग ओरडता कशाला?’ वाद तेथेच संपतो. भोवतालच्यांनाही ते उत्तर पटते. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, मग तक्रार कसली? प्रस्तुत लेखात आम्हांला या वाक्याचाच विचार करावयाचा आहे. ते उद्धटपणाचे आहे ही गोष्ट आम्ही सोडून देतो, कारण तरुण रक्ताचा उद्धटपणा वयाबरोबर ओसरतो. आमचा आक्षेप असा की, ते वाक्य खोटे आहे.

वसईचेच उदाहरण घेऊ. गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या बाजूंना केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून जाणारे रस्ते मुळात बैलगाडीच्या मापाचे. पुढे त्यांवर डांबर पडले, परंतु रुंदी वाढावयास जागा कोठून येणार? एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला विहीर वा घराची ओटी, आणि वळणावर पूर्वजांनी उभारलेला क्रूस. पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीच. याच रस्त्याने पहाटेच्या मिस्साला जाणारी म्हातारी माणसे चालतात, शाळेची मुले चालतात, बाजारहाट करून स्त्रिया परततात, सायकलवरून कोणी दूध घालतो. आणि रविवारी याच रस्त्याने समुद्रकिनाऱ्याकडे निघालेल्या दुचाकींचे तांडेच्या तांडे धावतात. त्यांतील काही पाहुणे असतात. काही मात्र आपलेच असतात. सगळा दोष बाहेरच्यांच्या माथी मारून मोकळे होण्याची सोय आपण करून घेऊ नये, हे बरे.

आता थोडे गणित मांडतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसल्यापासून हातापायांनी ब्रेक दाबेपर्यंत सावध माणसाचाही एक सेकंद सहज जातो. त्यानंतर गाडी थांबावयास कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटर लागतात, म्हणजे एकूण तेरा-चौदा मीटर. हाच वेग ६० असेल तर पहिल्या सेकंदातच १६-१७ मीटर संपतात, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होत असल्यामुळे पुढे आणखी वीस मीटर लागतात. एकूण जवळजवळ ३७ मीटर. पावसाळ्यात, वाडीतला चिखल रस्त्यावर आलेला असताना, याहून कितीतरी अधिक. ज्या वळणावर कुंपणामुळे पुढचे वीसच मीटर दिसतात, त्या वळणावर ६० च्या वेगाने शिरणारा तरुण वळणापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला वाचवूच शकत नाही. त्याची दृष्टी कितीही तीक्ष्ण असो, हात कितीही सराईत असो, त्याला ते अशक्य आहे. पलीकडे कोणी नसेल असे त्याने धरून चालले आहे, एवढेच. त्या दिवशी पलीकडे खरोखर कोणी नसते, आणि तो घरी पोचतो. त्याला वाटते, आपण गाडी छान चालवतो.

येथे तत्त्वज्ञांचा एक जुना प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. कल्पना करा, असे दोन तरुण आहेत. एकाच वेगाने, एकाच बेफिकिरीने, एकाच वळणावर ते शिरतात. पहिल्याच्या वेळी रस्ता मोकळा असतो. दुसऱ्याच्या वेळी एक मूल चेंडूमागे धावत आलेले असते. पहिला रात्री जेवून झोपतो. दुसरा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो आणि आयुष्यभर ते बाक त्याला सोडीत नाही. दोघांच्या हातून घडलेल्या कृतीत तसूभरही फरक नव्हता. मग दोघांच्या दोषात एवढे अंतर कसे? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वचिंतकांनी १९७६ साली या कोड्याची चर्चा केली, आणि तेव्हापासून ‘नैतिक नशीब’ या नावाने ते ओळखले जाते. माणसाच्या ताब्यात नसलेल्या गोष्टीवर त्याचे पापपुण्य अवलंबून असावे काय, असा तो प्रश्न.

कायद्याने या प्रश्नाला अर्धेमुर्धे उत्तर दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम इतरांच्या जीविताला धोका होईल अशा रीतीने वाहन हाकणे हाच गुन्हा मानते. कोणी मरावे वा जखमी व्हावे अशी त्याची अट नाही. जुन्या दंडविधानातही हे कलम होतेच. म्हणजे ‘काही झाले नाही’ हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. परंतु शिक्षा पाहा. २८१ व्या कलमाखाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच हयगयीतून मृत्यू घडला, तर १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद. कायद्याला फळ मोजावे लागते, कारण मनात डोकावण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. सद्सद्विवेकबुद्धीला मात्र ती सबब सांगता येत नाही.

जुन्या करारात हा विचार फार बारकाईने केलेला आढळतो. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात रानात लाकूड तोडणाऱ्या माणसाचा दाखला आहे. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते, सोबत्याला लागते आणि तो मरतो. अशा माणसाला आश्रयाच्या नगरात धाव घेण्याची मुभा दिलेली आहे, कारण त्याच्या मनात वैर नव्हते. आपले तरुण याच मुभेवर हक्क सांगतात: आमच्या मनात कोणाविषयी वैर कोठे आहे? वैर नाही, हे आम्हांलाही मान्य. परंतु पुढच्याच काही अध्यायांनंतर, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यास सपाट छपराला कठडा घालण्याची आज्ञा आहे. तो न घातल्यामुळे कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो. कठडा न घालणाऱ्याच्या मनात तरी वैर कोठे असते? तो फक्त आळशी वा बेफिकीर असतो. पाते निसटणे आणि कठडा नसणे या दोहोंतला भेद ज्याला कळला, त्याला आमच्या विषयाचा गाभा कळला. पात्याचे निसटणे आधी दिसत नाही. उघडे छप्पर रोज दिसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात अनवधानाने घडणाऱ्या मनुष्यवधाचा असाच विचार केला. जो गैर काम करीत असता कोणाचा प्राण घेतो, किंवा जो योग्य ती काळजी घेत नाही, तो ‘माझा हेतू नव्हता’ असे म्हणून सुटत नाही, असा त्यांचा निर्णय आहे. १९६५ साली, जेव्हा वसईत मोटारसायकल दिसणे ही अपूर्वाई होती, तेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात वेगमर्यादेच्या नियमांचा मुद्दाम उल्लेख केला आणि ते हलकेच लेखणारी माणसे स्वतःबरोबर इतरांचेही प्राण संकटात लोटतात, याकडे लक्ष वेधले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवरणात, परिच्छेद २२९० मध्ये, मद्याच्या अंमलाखाली किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणे हा गंभीर दोष असल्याचे सांगितले आहे. लक्षात घ्या, धोक्यात आणणे. इजा करणे नव्हे. पाचव्या आज्ञेची कक्षा आपण बहुधा सुरा आणि बंदूक यांपाशीच संपवतो. प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपण शिवीगाळ आठवतो, खोटे बोलणे आठवतो, चुकवलेला मिस्सा आठवतो. ऐंशीच्या वेगाने शाळेवरून गाडी नेली, हे किती जणांना आठवत असेल?

येथपर्यंतचा विचार न घडलेल्या अपघाताचा झाला. परंतु ‘काही झाले नाही’ हे वाक्य आम्ही खोटे म्हटले ते याहून साध्या अर्थाने. काहीतरी झालेले असते. एखादी आजी पहाटेच्या मिस्साला नेमाने चालत जात असे. दोनदा अंगावरून गाडी गेल्यासारखे झाले. पडली नाही, लागले नाही. परंतु त्यानंतर काळोख असेतो ती घराबाहेर पडत नाही, आणि मुलाला सवड असेल त्याच रविवारी देवळाचे तोंड पाहते. एखादा बाप मुलीला सायकलने शाळेत जाऊ देत असे. आता रिक्षाचे पैसे भरतो आणि मुलगी सायकल विसरली. संध्याकाळी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून गप्पा मारणारी म्हातारी मंडळी आत अंगणात सरकली, मग अंगणातून घरात. एखाद्या बाळंतिणीचे तान्हे मूल रात्री फुटक्या सायलेन्सरच्या स्फोटासारख्या आवाजाने किंचाळून उठते. असे मुद्दाम बदलून बसवलेले सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि रोडरोलरखाली चिरडतात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, तरी रात्रीचा आवाज काही थांबत नाही. यांतील एकाही घटनेची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही. रुग्णालयाच्या वहीत यांना रकाना नाही. तरीही गावाचा रस्ता, जो सर्वांचा होता, तो हळूहळू जो सर्वांत जोरात धावतो त्याचा झाला. दुर्बलांनी आपला वाटा न भांडता सोडून दिला. चोरी करणाऱ्याला निदान भिंत फोडावी लागते. येथे मालकच भिऊन दार उघडे टाकून निघून गेला.

ज्यांची नोंद होते त्यांची संख्याही लहान नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील माणसे सुमारे ४४.५ टक्के, तर पायी चालणारी १९.५ टक्के होती. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलेले आहे. दुचाकीस्वार हा स्वतःच सर्वांत मोठा बळी आहे, हे या आकड्यांवरून उघड होते, आणि त्याच्याविषयी बोलताना आमच्या मनात द्वेष नाही तो त्यामुळेच. ट्रक आणि मोटारगाड्या त्याला चिरडतात, खड्डे त्याला उडवतात. त्याची बाजूही मोठी आहे. तथापि, आपल्यावर अन्याय होतो म्हणून आपल्याहून दुबळ्यावर तो करण्याचा परवाना कोणाला मिळत नाही.

मोटारसायकल वाईट, असेही आम्हांला म्हणावयाचे नाही. १९८५ च्या सुमारास जपानी तंत्रज्ञानाच्या शंभर सीसीच्या गाड्या देशात आल्या, आणि थोड्या पेट्रोलात लांब जाणारे हे वाहन बेताच्या मिळकतीच्या घरातही परवडू लागले. पहाटेची गाडी गाठून दादरला फुले नेणाऱ्याला स्थानक जवळ झाले. रात्रपाळीची परिचारिका भावाच्या मागे बसून सुखरूप घरी येऊ लागली. दुखणाईताला दवाखान्यात नेण्यासाठी शेजाऱ्याची मनधरणी करण्याची गरज उरली नाही. हे वाहन आपल्या समाजाला लाभलेले वरदान आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तरुण आणखी एक युक्तिवाद करतात, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, ‘जीव माझा, मी तो धोक्यात घालतो, भित्र्या माणसाला यातली मजा काय कळणार?’ वेगात मजा असते, हे आम्ही नाकारीत नाही. वाऱ्याच्या झोताबरोबर मनावरचा भार उतरतो, आणि नोकरीसाठी उंबरे झिजवणाऱ्या मुलाला तेवढा वेळ तरी आपण कोणीतरी आहोत असे वाटते. परंतु त्याला धैर्य म्हणावे काय? संत थॉमस यांनी बेफाम साहसाला धैर्याच्या विरोधी दुर्गुणांत बसवले आहे. आम्हांला तर त्यात एक परावलंबनही दिसते. हा तरुण जिवंत घरी परततो तो स्वतःच्या कौशल्यामुळे थोडा, आणि इतरांच्या सावधपणामुळे फार. समोरच्या रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक दाबला, सायकलवाला कडेच्या मातीत उतरला, आईने मुलाचा दंड धरून मागे ओढले, म्हणून तो वाचला. प्रत्येकाने त्याच्यासारखीच गाडी चालवली असती, तर पहिल्याच तिठ्यावर सगळे आटोपले असते. ज्यांना तो भित्रे म्हणतो, त्यांच्याच भीतीवर त्याची मजा चालते. जीव त्याचा एकट्याचा आहे, हे म्हणणे तर आपल्या श्रद्धेत बसतच नाही. परंतु क्षणभर ते मान्य केले, तरी तो पणाला लावताना त्याने त्या आईला विचारले होते काय?

घाईने गाडी हाकणाऱ्यांत एक वर्ग मात्र निराळा आहे. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी घेऊन दारोदार जिन्नस पोचवणाऱ्या मुलांविषयी आम्ही बोलत आहोत. त्यांतील कित्येकांचे घर त्या फेऱ्यांवर चालते. उशीर झाला की मिळकतीला आणि गिऱ्हाइकाच्या शेऱ्याला धक्का बसतो. दहा मिनिटांत घरपोच देण्याच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनी पाहिल्या, आणि कौतुकाने पाहिल्या. त्या दहा मिनिटांत रस्त्यावरच्या लोकांचे काय होते, हा विचार कोथिंबिरीची जुडी मागवताना आपल्या मनाला शिवला नाही. तेथे वेग त्या मुलाच्या मनगटात असला, तरी घाई आपल्या घरातली असते.

आपल्या घरांचाच विषय निघाला, तेव्हा निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील शिंगे मारणाऱ्या बैलाचा नियम आठवतो. बैलाने अकस्मात कोणाला शिंग मारून ठार केले, तर मालक निर्दोष. परंतु तो बैल मारका आहे हे ठाऊक असून, लोकांनी बजावले असूनही मालकाने त्याला बांधून ठेवले नाही, तर दोष मालकावर येतो. आमच्या काळच्या कायद्यानेही, योगायोगाने म्हणा, तोच मार्ग धरला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९ अ हे कलम घालण्यात आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, असे पालकाने सिद्ध केले तरच त्याची सुटका. मारक्या बैलाच्या मालकाला विचारलेला प्रश्नच येथे विचारला जातो: तुम्हांला ठाऊक होते काय?

बहुतेक घरांत ठाऊक असते. दहावीला गुण चांगले पडले, किंवा परदेशी, बोटीवर असलेल्या वडिलांनी पैसे पाठवले, की मुलगा गाडी मागतो. आईला मनातून भीती वाटते, म्हणून ती गाडी देवळासमोर उभी करून फादरांकडून आशीर्वाद घेते आणि आरशाला रोझरी अडकवते. ही श्रद्धा खरी आहे, तिची थट्टा करण्याचे आमच्या मनातही येणार नाही. मात्र त्या प्रार्थनेत आपण बहुधा एकाच जिवाची काळजी वाहतो. मुलगा रात्री परतला की दारातला प्रश्नही ठरलेला: ‘नीट आलास ना रे बाबा?’ शेजारच्या अंगणातून कोणी सांगावयास आला, की तुमचा मुलगा गाडी फार जोरात नेतो, तर आपल्याला राग येतो तो सांगणाऱ्याचा. आम्हांला वाटते, त्या शेजाऱ्याला आत बोलावून बसवावे, चहा द्यावा, आणि मुलाच्या देखत त्याचे सगळे ऐकून घ्यावे.

आणि ज्यांच्या घरी अजून गाडी यावयाची आहे, त्यांना एक सुचवावेसे वाटते. मुलगा अठरा वर्षांचा होऊन परवाना हाती येईल, तेव्हा किल्ली देण्यापूर्वी एक आठवडाभर त्याला आजीबरोबर पहाटेच्या मिस्साला पायी पाठवावे. रस्त्याच्या बाजूने त्याने चालावे आणि तिचा हात धरावा. मागून एखादी मोटारसायकल येईल तेव्हा त्या हाताची पकड कशी बदलते, ते त्याच्या हाताला कळेल.